बाळव्वाचं माळवद

पहिलं एक सांगून टाकतो. मी एजंट नाही. एजंट दोघांच्या मध्ये उभा राहतो आणि दोघांकडून घेतो. मी जुनं घर स्वतः विकत घेतो, स्वतः उभा राहून नीट करतो आणि मग विकतो. बुडालो तर एकटा बुडतो. आमच्या इस्लामपुरात काही लोकांना हा फरक कळत नाही. स्टँडाजवळच्या गाड्यावर मला बघून "आलं बघा एजंट" म्हणायचे. मी तिथला चहाच सोडला.

शिक्षण चौथी. जन्म गेला साखर कारखान्यात, बॉयलरवर. घरांचा उद्योग जोडधंदा म्हणून चालू केला, नोकरी सुटली तसा तोच उरला. ह्या अंकाच्या संपादकबाई घरी आल्या, म्हणाल्या, नाना, तुमचे अनुभव लिहा. तर हे मी बोललो आणि सुनेनं मोबाईलवर टाइप केलं. तिनं मध्येच काही शब्द सुधारले होते, ते मी परत होते तसे करायला लावले.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुनं घर बघायला गेलो की मी वर बघत नाही, भिंतीचा पायथा बघतो. रंग ताजा असेल तर जास्तच बघतो, कारण ओल लपवायला रंगासारखं स्वस्त दुसरं काही नाही. मग सांडपाणी कुठं जातं ते विचारायचं. शेजाऱ्याच्या दारातून जात असेल तर सरळ परत यायचं, कारण घराबरोबर ते भांडणही तुमच्या नावावर होतं. मग बाजूची भिंत कुणाची ते बघायचं. जुन्या पेठांत दोन घरांना एकच भिंत असते. तुम्ही आपलं कॅलेंडर लावायला खिळा ठोकता आणि पलीकडची आजी काठी घेऊन येते.

भिंतीवरनं आठवलं. आपल्याकडची जुनी घरं पांढऱ्या मातीची. माझं दुसरं की तिसरं घर तसलंच होतं, आणि मी त्याला आतून-बाहेरून झकास सिमेंटचा गिलावा मारला. पावसाळा संपला आणि तो गिलावा पापड सुटावा तसा सुटला. मातीच्या भिंतीला श्वास घ्यायचा असतो, तिला सिमेंटनं कोंडली की ती फुगते. हे मला कुणी शिकवलं नाही. भिंतीनंच शिकवलं आणि फी घेतली.

स्वयंपाकघराचं मात्र आमच्या मंडळींनी शिकवलं. हौसाबाई प्रत्येक घरात येते, ओट्यापुढं उभी राहते आणि नुसत्या हातांनी भाकरी थापल्यासारखं करते. खांदा वर उचलला गेला तर म्हणते, "आवं, हितं बाई न्हाई, पैलवान लागंल. खाली घ्या ओटा." गिऱ्हाईक आलं की बाप्या हॉल बघतो, पार्किंग बघतो, मोठमोठं बोलतो. बाई गुपचूप मोरी बघून येते. घर मोरीपाशी विकलं जातं, हॉलमध्ये नाही.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. पाचगणीला जांभ्या दगडाचं एक लहानसं घर केलं होतं. पुण्याचे एक साहेब बघायला आले. भिंत बघितली नाही, नळ सोडून बघितला नाही. प्रत्येक खोलीत जाऊन जमिनीवर उताणे झोपले. चांगले कपडे घातलेला माणूस, डोळे मिटून. मी दारात उभा. आता ह्यांना उठवावं का डॉक्टरला फोन करावा, ते कळंना. मागच्या खोलीत तर घोरायला लागले. उठल्यावर म्हणाले, "नाना, झोप लागली. हे घर घेतो." सुरुवातीला हसलो. पण नंतर वाटलं, ह्या माणसाला घर कशासाठी असतं ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. तेव्हापासून मीही घेण्याआधी घरात जरा आडवा होऊन बघतो.

आता ज्या घरासाठी एवढं लिहायला बसलो त्या घराकडं येतो. ते घर जतच्या पुढं, कर्नाटकाच्या वेशीजवळ. तिथं मी कशाला गेलो? तर हट्ट. आमचा जावई म्हणाला, "मामा, तिकडं जाऊ नका, तुमचा धंदा उसाच्या पट्ट्यातला." मला कुणी जाऊ नका म्हटलं की मी जातो.

घर बिराप्पाचं. धनगराचा माणूस, बोलायला मऊ. मेंढरं विकली होती, पोरं शहराला लागली होती, आणि तो स्वतः सांगलीला एका गोदामावर राखणीला राहिला होता. घर दगडी भिंतींचं, भक्कम, आणि वर माळवद. माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि त्यावर हातभर जाडीची खारी पांढरी माती. आमच्या इस्लामपूरच्या बाजूला उतरती कौलं, नाहीतर पत्रा. मी ते सपाट मातीचं छत बघितलं. एक पाऊस आणि चिखल डोक्यावर, असंच माझ्या मनात आलं.

उताऱ्यावर बिराप्पाच्या नावाखाली बहिणीचं नाव होतं. बाळव्वा. तिची सही लागणार होती. बिराप्पा म्हणाला, "आक्का काय सही करंना व्हय? बहीण हाय. साडी-चोळी केली की झालं." आपल्याकडं सगळीकडं हीच रीत. बहिणीनं साडी घ्यायची आणि हक्क सोडायचा. मीही कितीदा तसंच झालेलं बघितलं होतं. बाळव्वा तेव्हा नवऱ्याबरोबर मेंढरं घेऊन लांब फिरतीला होती. ती आली की खरेदीखत करू, असं ठरवून मी बिराप्पाला विसार दिला आणि सही व्हायच्या आधीच कामाला हात घातला. रोहिण्या निघायच्या आत छप्पर व्हायला पाहिजे, ही आमच्याकडची सवय अंगात मुरलेली. जतची माणसं मला बघून हसत होती. "पावनं, पावसाची येवढी घाई? आमी त्याची वाट बघून म्हातारं झालो."

माळवद उतरवलं. तुळया एका बाजूला रचून ठेवल्या. जुन्या सागवानाला पुण्यात फर्निचरवाले विचारतात. वर निळा, चकचकीत पत्रा टाकला. कारखान्याचा फंड मिळाला होता, त्यातला बराच त्या घरात गेला. गिऱ्हाईकही तयार होतं. तिथल्याच शाळेतले एक मास्तर, बदलीची भीती संपलेली, आता कायमचं घर बघत होते.

मास्तर आले ते दुपारी. आत गेले, जरा वेळ फिरले आणि बाहेर आले तर सदरा पाठीला चिकटलेला.

"नाना, तुम्हाला आत काही होत नाही?"

"काय व्हायचं?"

"अहो, ही भट्टी आहे. लेकरं घेऊन मी राहू कसा इथं?"

मी परत आत गेलो. उभा राहिलो. मला खरंच काही कळत नव्हतं. सगळा जन्म बॉयलरपुढं उभा राहिलेला माणूस मी, मला ऊन म्हणजे काय ते कळायचं बंद झालंय. मास्तर सभ्य होते, म्हणाले, काही उपाय झाला तर बघू.

त्याच आठवड्यात बाळव्वा आली. मेंढरं माळावर बसवून एकटीच आली. साठीची बाई, उंच, कपाळाला मोठं कुंकू, हातात काठी. दारात थांबली. वर पत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"माळवद कुटं हाय?"

"उतारलं. बाई, नवा पत्रा हाय, गंज धरणार न्हाई," मी म्हणालो.

"गंज पत्र्याला धरतुया. मातीला धरतुया व्हय?"

ती येणार म्हणून बिराप्पाही सांगलीहून आला होता, तो पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाला. तिनं घेतला नाही. "बिरा, तुला ठावं हाय का, आप्पानं माळवद घातलं तवा माती कुणी तुडवली? मी. माझं लगीन ठरलं हुतं. आप्पा म्हनला, पोरी, तुडीव चांगली, तू गेल्यावर बी तुज्या पायाखालची माती आमच्या डोक्यावर राहील."

बिराप्पा खाली बघायला लागला. मी म्हणालो, "बाई, घर आता इकायचंच हाय. साडी-चोळी भावाकडनं घ्या आणि—"

"साडी कशाला? हक्क सोडायला? मी न्हाई सोडत. माझा वाटा माझ्या हातात द्यायचा. खरेदीखतावर बिराच्या शेजारी मी बी सही करीन, इकनारी म्हनून." मग काठी भिंतीला टेकवली. "आणि ती बी तवा करीन, जवा माळवद परत बसंल. मला सांगा पावनं, घर गेल्यावर पंचमीला म्हाईराला मी जायाचं कुटं? बिरा गोदामाच्या दारात झोपतुया. घर दुसऱ्याचं हुनार, हू द्या. पर आप्पाचं माळवद तरी जागेवर हाय, येवढं मला बघूंद्या."

मला राग आला. वाट्याचा नाही, तो तिचा हक्कच होता आणि तिनं तो मागितला, त्याचं मला मनातून बरं वाटलं. राग आला तो पत्र्यावरनं. मी घर बांधणारा, आणि ही मला छत शिकवणार. तसाच एसटीत बसून घरी आलो. हौसाबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी भाजत होती.

"म्हंजे आवं, तुमाला तुमच्यापेक्षा ताठ माणूस भेटलं."

"ताठ न्हाई, आडमुठी."

"तेच म्हनते मी."

मी जेवलो नाही. ती पुढं म्हणाली, "मास्तर म्हनतो भट्टी, ती म्हनती माळवद घाला. दोघं येकच सांगत्यात की. तुमाला आयकू कुनाचं येत न्हाई?"

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या फर्निचरवाल्याचा तुळयांसाठी फोन आला. तुळया गेल्या तर परत माळवद होणार नाही, आणि सही मिळाली नाही तर घर होणार नाही. मी त्याला नाही म्हणालो आणि जतला गेलो.

तिथं शोधायला लागलो तर माळवद घालणारा गवंडी एक भेटेना. सगळे स्लॅबवाले. एकानं तर मलाच विचारलं, "नाना, कशाला पाहिजे? शूटिंग हाय का?" शेवटी माळावर बाळव्वाच्या वाड्यावर गेलो. वाडा म्हणजे मेंढरांचा, जाळी लावून केलेला. ती एका कोकराला पाजत बसली होती. मी म्हणालो, "बाई, माणूस मिळंना. कसं करायचं ते तुमी सांगा."

ती लगेच हसली नाही. "सांगन्यानं हुईत न्हाई. करावं लागतंय. माझी हजेरी द्याल?"

"देईन की."

"गड्याला देता तेवढी. बाईची न्हाई."

मी तेवढी दिली.

पत्रा उतरवला, तुळया परत चढल्या, फळ्या बसल्या, पाला पसरला. इथवर माझंही डोकं चालत होतं. माती मात्र तिचीच. ओढ्याच्या काठी तिनं मला चार ठिकाणं फिरवलं. प्रत्येक ठिकाणची चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, थुंकायची, पुढं चालायची. एका ठिकाणी थांबली. "चाखा." मी चाखली. खारट. "ही पान्यानं फुगती आनि तोंड मिटून घेती. दुसरी वाहून जाती." मी आयुष्यात लोखंड चाखून बघितलंय, सांधा तापलाय का ते बघायला हात लावलाय, पण घरासाठी माती चाखणारा माणूस पहिल्यांदाच बघितला. खरं सांगायचं तर तिथंच मी तिचा मोठेपणा मानला. तोंडानं बोललो नाही, एवढंच.

मग पाण्याची गोष्ट आली. माती कालवायला पाणी पाहिजे, आणि त्या गावाला टँकर. आमच्या इस्लामपुरात पाटाचं पाणी उसातून ओसंडून रस्त्यावर येतं आणि कुणी बघत नाही. इथं टँकर आला की बायका घागरी रांगेत लावून बसायच्या. मी म्हणालो, मी टँकर विकत आणतो. बाळव्वा म्हणाली, "लोकांच्या तोंडासमोर पेयचं पानी चिखलात वतनार? थांबा." तिनं गल्लीत सांगितलं. घराघरातनं भांड्याचं, धुण्याचं, अंघोळीचं पाणी बादल्यांतून यायला लागलं. साबणाचं, राखेचं, उष्ट्याचं. त्यात चिखल झाला. आणि बायका त्यात उतरल्या, लुगडी खोचून. म्हाताऱ्या, सुना. मी बॉयलरवर शिट्टीच्या हुकमानं चालणारी माणसं बघितली होती. ह्यांना कुणी हुकूम दिला नव्हता. बाळव्वा मध्ये उभी, नुसती पाय उचलायची, आणि सगळ्यांचे पाय तिच्याबरोबर.

त्यातली एक तरणी सून मला म्हणाली, "नाना, तुमी बी या की. का पाय घान हुत्यात?"

मी गेलो. पायजमा वर करून तुडवायला लागलो. थोड्याच वेळात मांड्या भरून आल्या. बाळव्वा म्हणाली, "तुमचा पाय वरवर पडतुया. जिमीनीला सांगा, मी हाय म्हनून." सगळ्या हसल्या. मीही हसलो.

माती वर चढवली, पसरली, लाकडी चोपण्यांनी चोपून चोपून बसवली. एका बाजूला जरा उतार ठेवून पन्हळ बसवली. छतात उजेडासाठी भोक होतं, ते परत तिथंच ठेवलं, भोवती मातीचा कठडा करून. चांगली वाळली. मास्तर आले, भर दुपारी आत बसले. जरा वेळानं म्हणाले, "नाना, मटक्यात बसल्यासारखं वाटतंय." मग मात्र शंकेनं वर बघितलं. "गळणार नाही ना?"

मी बाळव्वाकडं बघितलं. म्हणालो, "आता सही?"

"अजून वर पानी पडलं न्हाई. मास्तरास्नी गळकं घर देऊ व्हय? माझ्या आप्पाचं नाव हाय त्याच्यात."

पाऊस तर कुठंच नव्हता. मला वाटलं, आता ही मला अजून किती महिने बसवणार. पण तिनं तेही ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी टँकर आला. तिनं आपल्या वाट्याची घागर भरली, डोक्यावर घेतली आणि शिडीनं वर गेली. तिच्या मागनं गल्लीतली एकेक बाई आपली घागर घेऊन वर चढली. मी म्हणालो, "आवं, हे तर पेयचं पानी हाय."

खालनं तीच तरणी सून म्हणाली, "आक्का म्हनली, खोटं पानी चालत न्हाई."

मी आणि मास्तर आत जाऊन बसलो, वर डोळे लावून. डोक्यावर पावलं वाजत होती, घागरी ओतल्याचा आवाज येत होता. मास्तरांनी तळहात वर करून धरला होता, लहान पोरासारखा. मला माझ्या फंडाचा विचार यायला पाहिजे होता. आला नाही. मी मनात म्हणत होतो, ह्या बाईचा शब्द खाली पडू नये. थेंब आला नाही. एक नाही.

बाहेर आलो तर पन्हळीखाली बायकांनी पातेली, बादल्या, प्लास्टिक घातलेल्या टोपल्या, जे मिळेल ते मांडून ठेवलं होतं. ओतलेलं पाणी सगळं तिथं येत होतं, गढूळ. बाळव्वाची मेंढरं पाळी लावून उभी होती आणि पीत होती. एवढ्या पाण्यातलं एक चूळभर वाया गेलं नाही. मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. आमच्या पाटाच्या पाण्याची मला लाज वाटली.

सही झाली. कचेरीत कारकुनानं विचारलं, "आजी, राजीखुशीनं करताय ना?" तिनं बापाचं नाव मोठ्यानं सांगितलं, मग आपलं, आणि तिरक्या मोठ्या अक्षरात सही केली. वाटा तिच्या हातात पडला. बिराप्पानं पिशवीतनं साडी काढून पुढं केली, जरा भीतभीतच. तिनं तीही घेतली. म्हणाली, "वाटा हक्काचा. साडी भावाची. दोन्ही येगळं हाय, बिरा." नंतर कळलं, वाट्यातनं तिनं मेंढ्या घेतल्या.

मास्तर तिथं राहिले आहेत. मी जतला त्यानंतर अजून घरं केली, आणि बहिणीचं नाव उताऱ्यावर असेल तर आधी बहिणीच्या घरी जातो. भावाकडं नंतर. साडी-चोळीचं नाव काढत नाही. वाटा विचारतो. काही भावांना ते आवडत नाही, तर त्यांचं घर मी घेत नाही. धंदा कमी झाला थोडा. होऊ दे.

यंदाच्या पंचमीला दुपारी दार वाजलं. हौसाबाईनं उघडलं. दारात बाळव्वा, तीच भावानं दिलेली साडी नेसलेली, काखेत ज्वारीच्या पिठाचं गाठोडं. एसटी बदलत बदलत आली होती.

हौसाबाईनं तिला कधी बघितलं नव्हतं. विचारलं, "कोन पाहिजे?"

"अण्णा हाय का घरात? म्हाईराला आले."

हौसाबाईनं माझ्याकडं वळून बघितलं. मी उठून पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. तिनं बाळव्वाच्या पायावर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि आत घेतली. गल्लीत कासारीण आलीच होती, तिला हाक मारली. दोघी पडवीत बसल्या. बाळव्वा हिरव्या बांगड्या निवडत होती, कासारीण तिचा हात दाबून दाबून भरत होती आणि म्हणत होती, हात लय कडक हाय मावशी, काय काम करता. दोन्ही हात भरून झाले. कासारिणीनं पैशासाठी हौसाबाईकडं बघितलं.

"तिकडं माग," बाळव्वा माझ्याकडं बोट करून म्हणाली. "भाऊ हाय माझा."

मी खिशात हात घातला.